‘पण मुलीवर काय जीव आहे त्याचा!’

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की हातात सुरा घेऊन फिरणाऱ्या व्हिलनची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती गोड बोलणाऱ्याची, जो दिवसभर लोकांना गुंडाळतो आणि संध्याकाळी वेळेवर घरी जाऊन लेकीचा अभ्यास घेतो. झालं, या महिन्याचा मेलबॉक्स उघडला तर सगळीकडे तोच बसलेला, कुणाच्या एकांकिकेत, कुणाच्या रोलमध्ये, आणि एका पत्रात तर अगदी घरातच. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न (‘मालिकेत शिरायचं कसं’ वाले, तुम्ही दर महिन्याला पाठवता, मीही दर महिन्याला टाळते) बाजूला ठेवलेत. नावं नेहमीसारखी गाळली आहेत, पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडला राहते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची एकांकिका लिहितेय. आमचा व्हिलन एका पतसंस्थेचा चेअरमन आहे, सगळे त्याला ‘दादा’ म्हणतात. तो गोड बोलून लोकांच्या ठेवी घेतो, शेजारच्या एका विधवा काकूंना जामीनदार करतो आणि त्यांचं घर जातं. पण त्याची मुलगी म्हणजे त्याचा जीव की प्राण, तिला आई नाहीये, तर तोच तिची वेणी घालतो, परीक्षेच्या वेळी तिच्याबरोबर जागतो वगैरे. आता प्रॉब्लेम असा झालाय की तालमीत सगळ्यांना दादा आवडायला लागलाय!! डिरेक्टर म्हणतो मुलीचे सीन उडव, नाहीतर ऑडियन्स त्याच्या बाजूने जाईल. उडवू का?

नको गं उडवूस. तुझ्या डिरेक्टरला माझा नमस्कार सांग आणि विचार की ऑडियन्स दादाच्या बाजूने गेला तर नक्की बिघडतं काय? काकू पण त्याच्याच बाजूने गेल्या होत्या ना, म्हणून तर सही केली. आपल्याकडे पतसंस्था बुडाली की पैसे गेलेल्या माणसाला आधी काय ऐकावं लागतं, तर ‘सही करताना डोळे कुठे होते?’ आणि हे विचारणारे सगळे तुझ्या नाटकात तिसऱ्या रांगेत बसलेले असणारेत. पहिल्या एन्ट्रीपासून दादा त्यांना कळला तर ते काकूंना बावळट म्हणून मोकळे होतील. त्यांनाही एकदा सही करू दे की.

मात्र तुझी संहिता मी दोनदा वाचली आणि मला गडबड वेगळ्याच जागी दिसली. तू दोन माणसं लिहिली आहेस. एक ऑफिसातला दादा, तिथे ट्यूबलाइट, फोन, फाइली, आणि एक घरातला, तिथे पिवळा उजेड आणि मागे बासरी (बासरी आधी काढ, हात जोडते). ऑफिसातला वाईट, घरातला चांगला, मधे ब्लॅकआउट. म्हणून तुझ्या ग्रुपला तो ‘आवडतो’, कारण घरचा सीन लागला की ऑफिसवाला माणूस विंगेत गेलेला असतो. अख्खा माणूस त्यांना एकदाही भेटत नाही.

तुझ्याच हातात एक भारी गोष्ट आहे आणि तुला ती दिसलेली नाही, ती म्हणजे वेणी. लांब केसांचा गुंता सोडवताना काय करतो आपण, गुंत्याच्या वर, मुळाशी, एका हाताने केस घट्ट धरतो आणि मग खाली फणी ओढतो, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही. हे त्याला येतं. आई गेल्यावर तो शिकलाय, पहिल्यांदा पोरगी रडली असेल, मग हळूहळू जमलं असेल. आता काकूंचा सीन परत वाच. तिथेही तो हेच करतोय, आधी मुळाशी धरतो आणि मग ओढतो, काकूंना कळतच नाही. त्याच्याकडे एकच कसब आहे आणि ते तो लेकीच्या डोक्यावर शिकलाय. हे प्रेक्षकाला तोंडाने सांगू नकोस, पण तुला माहीत असलं पाहिजे.

मग संवाद आपोआप बदलतील बघ. आत्ता तुझा दादा म्हणतो, ‘काकू, माझ्यावर विश्वास ठेवा.’ अगं, फसवणारा माणूस असं कधी म्हणत नाही, असं नवशिके म्हणतात. मुरलेला काय म्हणेल? ‘काकू, आज सही नकाच करू. कागद घरी न्या, राजूला विचारा, त्याला वेळ असेल तेव्हा.’ आणि राजू बंगलोरला आहे, गेल्या चार रविवारांत त्याचा फोन आलेला नाही, हे दादाला माहितीये कारण काकूंनीच सांगितलंय, त्याच्याच ओट्यावर बसून, चहा पिताना. काकू पेन मागून घेतील. त्याने जबरदस्ती केली का? अजिबात नाही, तो तर नको नको म्हणत होता, दहा लोक साक्षीला आहेत.

अजून एक सांगते. मुलगी वयात येते तेव्हा त्या घरात बाई नाही. दादा रात्री काकूंचं दार वाजवतो, अक्षरशः घाबरलाय, शब्द सुचत नाहीयेत, ‘काकू, जरा येता का हो, तिला… मला नाही कळत त्यातलं.’ काकू जातात, पोरीला जवळ घेतात, सगळं समजावतात, आणि त्या रात्रीपासून त्या घरच्याच होतात. आणि पुढच्या गुरुवारी जामीनदाराचा फॉर्म. आता सांग, रात्री दार वाजवणारा माणूस नाटक करत होता? मला वाटतं नव्हता करत. त्याची गरज खरी होती, आणि त्या गरजेतून जे मिळालं ते त्याने वाया जाऊ दिलं नाही, इतकंच. असा माणूस काही वाया घालवत नाही. मला त्याची भीती वाटते ती इथे.

तुम्ही पहिल्या फेरीला भरत नाट्य मंदिरात उभे राहाल तेव्हा लक्षात असू दे की १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा त्याच रंगमंचावर झालं होतं. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि मग पुण्यात जो गदारोळ झाला तो तुझ्या आजीला विचार. त्यात पुण्यात अपमान झालेला, चोर ठरवून मारलेला एक परका ब्राह्मण कोतवाली मिळवण्यासाठी स्वतःची मुलगी, गौरी, नाना फडणवीसाच्या पुढे करतो. आणि गौरी मेल्यावर तोच बाप दुःखाने पिसाटतो आणि सगळ्या शहरावर तुटून पडतो. खरा घाशीराम १७९१ साली लोकांनी दगडांनी ठेचून मारला. गौरीचं मात्र मी नाटकापुरतंच बोलतेय. पण बघ ना, तेंडुलकरांना मुलगी घालावीशी वाटली. तिच्याशिवाय तो नुसता जुलमी अधिकारी झाला असता, तसे इतिहासात ढिगाने. घाशीरामला विचारलंस तर तो छातीवर हात ठेवून सांगेल की माझा मुलीवर जीव होता, आणि ते खोटं नसेल. (गोड बोलणारा तिथला खरा मास्तर अर्थात नाना. मी जुनी पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाते तेव्हा नानावाड्यावरून जावं लागतं आणि दर वेळी डोक्यात नानाच्या भूमिकेतले मोहन आगाशे नाचतात, त्याला इलाज नाही.)

गौरीला कुणी विचारलं नाही. तुझ्या दादाच्या पोरीलाही तुझ्या संहितेत कुणी काही विचारत नाही, ती नुसती गोड आहे. म्हणून माझी एक जुनी युक्ती देते, मी स्वतः लिहिताना करते. मुलीला ‘नाही’ म्हणायला लाव. मोठ्या गोष्टीला नको, तिला बापाचं बिंग फुटल्यावर भाषण वगैरे देऊ नकोस, प्लीज. साधी गोष्ट घे. ती केस कापून येते, एकदम बारीक, मैत्रिणीबरोबर जाऊन, न विचारता. बाप हातात फणी घेऊन उभा. आता तो काय करतो? ओरडला तर काही मजा नाही. तो हसून म्हणाला, ‘छान दिसतायत गं. तुझ्या आईचे कसे होते, आठवतंय ना तुला?’ आणि हे बरोब्बर काकूंशी बोलतानाच्या आवाजात म्हणाला, तर थिएटरमध्ये पंखे न लावता थंडी वाजेल. लिहून बघ आणि ग्रुपला वाचून दाखव, दादा तेव्हाही आवडतोय का ते मला कळव.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतला एक ज्येष्ठ नागरिक, साठ वर्षं नाटकं पाहतो आहे. आमच्या वेळी खलनायक आला की कळायचं, प्रेक्षक शिव्या घालायचे. आता प्रत्येक बदमाशाला दुःखद बालपण आणि एक गोंडस मुलगी देता तुम्ही लोक. हे गुन्हेगारांचे लाड नव्हेत काय? आपली संस्कृती असं शिकवत नाही.

काका, पहिल्या अर्ध्या पत्राशी मी सहमत आहे, कारण त्या पापात माझाही हात आहे. एका मालिकेसाठी लिहीत होते, व्हिलन लोकांना आवडायला लागला तशी वरून फर्मान आलं की आता त्याला काढता येत नाही, त्याला मुलगी द्या. एका रात्रीत सात वर्षांची मुलगी आली, बोर्डिंगमधून. मी लिहिली. तिला दम्याचा त्रासही दिला, वर आणखी. लाज वाटते पण काय करणार, हप्ते होते घराचे. असली मुलगी म्हणजे नुसतं डिओडरंट, माणसाचा वास तोच राहतो.

पण संस्कृतीचं म्हणाल तर जरा थांबा. द्रोणाचार्य घ्या. (ते खलनायक नाहीत, मान्य, चिडू नका, मी फक्त बापाबद्दल बोलतेय.) घरात दूध नाही म्हणून अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दिलं आणि पोरगं दूध प्यायलो म्हणून नाचलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीये आणि सगळ्यांच्या पोटात कालवलंय. त्याच आदिपर्वात दुसरी एक गोष्ट आहे, ती आपल्याला कुणी फारशी सांगत नाही. गुरुजी शिष्यांना पाणी आणायला पाठवायचे तेव्हा बाकीच्यांना अरुंद तोंडाचे कमंडलू द्यायचे आणि स्वतःच्या मुलाला रुंद तोंडाचा घडा. का, तर तो लवकर भरतो, पोरगं आधी परत येतं, आणि बाकीचे पोचेपर्यंत तेवढ्या वेळात त्याला चार विद्या जास्त शिकवता येतात. भांड्याच्या तोंडाचा हिशोब करणारा बाप! केवढं बारीक डोकं आहे, आणि कुणाला शब्दाने दुखवलेलं नाही, सगळ्यांना पाणीच तर आणायला सांगितलंय. अर्जुनाच्या लक्षात आलं ते सोडा, पण बाकीच्यांना शंभर वर्षं कळलं नसतं.

मला महाभारताचं आवडतं ते हे की दुधाची गोष्ट सांगून ते बापाला सोडून देत नाही. त्या एका वाटीभर दुधापायी द्रुपदाचं अर्धं राज्य जातं, तेही शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून काढून घेतलेलं, म्हणजे स्वतः हातात काही धरायला नको. आणि शेवटी त्यांना पाडायचं कसं हा प्रश्न पडतो तेव्हा कृष्णाला बरोब्बर माहीत असतं की या माणसाला कुठे दार आहे. अश्वत्थामा गेला, म्हटलं, हत्ती असो की माणूस असो, खाली ठेवली शस्त्रं. आयुष्यभर ज्या प्रेमासाठी इतरांना वळवलं त्याच प्रेमाला धरून त्यांना वळवलं गेलं.

शेजारी धृतराष्ट्र बसवून बघा. तोही पुत्रप्रेमी, पण त्याच्यात मोहिनी शून्य. द्यूत चाललं असताना आतली हाव लपवता येत नाही, राहून राहून विचारतोय, जिंकलं का, जिंकलं का. त्याची कीव येते किंवा राग येतो, पण त्याच्यामागे कुणी जाणार नाही. तुमच्या वेळचा मिशीवाला खलनायक मला याच्या जवळचा वाटतो, लगेच कळणारा. मला तोही हवाय हो, शिव्या घालायला मलाही आवडतं. पण घड्याचं तोंड मोजणारा माणूस लिहायला मिळाला तर मी मिशीवाल्याला सुट्टी देईन.

प्रश्न : हिंजवडीहून, मॅडम, असा कॅरेक्टर लिहिताना आधी त्याची पर्सनॅलिटी टाइप फिक्स करावी का? मला माझा व्हिलन ईएनएफजे वाटतो, मित्र म्हणतो ईएनटीजे. की सरळ सायकोपॅथ?

तुमच्या मित्राला आणि तुम्हाला कामं नाहीत का रे ऑफिसात?

बरं, गंमत सोडते. ती चार अक्षरांची टेस्ट, जिच्यात १६ प्रकारची माणसं असतात, ती कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी बनवली, आणि दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. टाइमपास म्हणून मस्त आहे. लिहिण्यासाठी उपयोग शून्य, कारण ईएनएफजे माणूस दुधाचे पैसे देताना सुट्टे नाहीत म्हणून काय करतो हे त्यातून कळत नाही आणि मला नेमकं तेच हवं असतं.

सायकोपॅथचं म्हणाल तर रॉबर्ट हेअर नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाची २० मुद्द्यांची यादी आहे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त ४०. त्यातला पहिलाच मुद्दा वरवरचा गोडवा. पण ते मार्क प्रशिक्षित माणूस देतो, मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं तपासून, तुम्ही कॅन्टीनमध्ये बसून द्यायचे नसतात, पात्राला नाही आणि सासऱ्यांना तर मुळीच नाही. शिवाय तुमचा व्हिलन मुलीसाठी रात्र रात्र जागत असेल, तिच्या तापाने त्याचे हात थरथरत असतील, तर त्याच यादीतल्या ‘कुणाबद्दल काही वाटत नाही’ या मुद्द्यावर तो अडतो. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते नेमकं ओळखणं ही एक गोष्ट, आणि ते आपल्याला लागणं ही वेगळी. याला पहिली सगळ्यांच्या बाबतीत येते, दुसरी एकाच माणसापुरती. याला कुठलं अक्षर लावायचं ते तुम्ही ठरवा, मी पुढच्या पत्राकडे जाते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी निगडीला असतो, नोकरी करून हौशी नाटकात कामं करतो. या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी असाच एक गोडबोल्या बापाचा रोल मिळालाय. डिरेक्टर सारखं म्हणतात ‘चार्म आण, चार्म आण, हस’. मी हसलो की इन्शुरन्स एजंट वाटतो. काय करू?

हसू नका, सोप्पं आहे. चार्म म्हणजे स्वतःकडून काहीतरी फेकायचं असं तुमच्या डिरेक्टरांना वाटतंय, पण असे लोक तुम्ही पाहिलेत ना प्रत्यक्षात, ते काही फेकत नाहीत, ते घेतात. म्हणजे तुमचं बोलणं घेतात. तुम्ही बोलताना ते दुसरीकडे बघत नाहीत, मोबाइल उलटा ठेवतात, मागच्या भेटीत तुम्ही सांगितलेलं गुडघ्याचं दुखणं त्यांना आठवतं, कुठला गुडघा ते पण. तालमीत एक करून बघा, समोरच्याचं वाक्य संपल्यावर लगेच आपलं वाक्य टाकू नका, अर्धा श्वास थांबा, जणू त्याने जे म्हटलं ते तुम्हाला नवीन आहे. प्रॉम्प्टर घाबरेल, घाबरू द्या.

निळू फुल्यांना बघा. मिमिक्रीवाल्यांनी त्या माणसाला एका वाक्यात आणि एका खाकरण्यात कोंबून टाकलंय, पण ‘सामना’ सिनेमा नीट बसून बघा. साखरसम्राट हिंदुराव दारुड्या मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि तो पाहुणचारच मास्तरच्या गळ्यातला दोर असतो. एका जागी बसून, आवाज न चढवता केलेलं काम आहे ते. आणि हा माणूस पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलातला, पडद्याबाहेर बायाबापड्या त्याला बघून खरोखर घाबरायच्या. त्यांना माणसं माहीत होती हो, गावातली, पंगतीतली, कोण कुणाला पाट कसा मांडतो ते सगळं.

मुलीबरोबरच्या सीनमध्ये मात्र वरचं सगळं सोडा. तिथे तो थकलेला असू दे. बूट काढताना तोल जाऊ दे, तिने काही विचारलं तर ‘हं?’ म्हणू दे, बाहेर सगळ्यांचे गुडघे लक्षात ठेवणारा माणूस तिच्या मैत्रिणीचं नाव चुकू दे. तिला राग येत नाही. बाहेर दिवसभर तो ड्युटीवर असतो आणि घरी ड्युटी संपलेली असते, आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा कळतं की बाहेरच्या गोडव्याला केवढी मेहनत लागते. (वर कोथरूडच्या मुलीला मी सांगितलं की घरी आणि बाहेर एकच कसब दिसू दे, आणि तुम्हाला उलटं सांगतेय, कळतंय मला. तिला लिहायचंय, तुम्हाला दोन तास उभं राहायचंय. दोन्ही करून बघा, जे खोटं वाटेल ते टाकून द्या.)

प्रश्न : मी शेहेचाळीस वर्षांची आहे, कर्वेनगरला असते. पहिल्यांदाच लिहितेय. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. माझ्यावर त्यांचं अतोनात प्रेम होतं, मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा सगळ्या घराण्यात ते एकटे माझ्या बाजूने उभे होते, मला आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही. ते गेल्यावर कागदपत्रं आवरताना कळलं की आमच्या पेठेतल्या वाड्यातला काकांचा हिस्सा बाबांनी हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून घेतला होता. काकांना सांगितलं होतं की फक्त नगरपालिकेच्या कामासाठी आहे. नंतर वाडा पडला, इमारत झाली, त्या पैशात माझं शिक्षण झालं. काका धायरीला भाड्याने राहायला गेले. माझी चुलत बहीण माझ्याच वयाची, ती बारावीनंतर नोकरीला लागली. बाबा काकांशी शेवटपर्यंत इतके प्रेमाने बोलायचे की काकांनी कधी विषय काढला नाही, उलट बाबा गेले तेव्हा सगळ्यात जास्त तेच रडले. मला यावर कथा लिहायची आहे. चार वेळा लिहिली. वाचणारे म्हणतात की वडील एकतर देव वाटतात नाहीतर राक्षस. कसं लिहू?

ताई, तुमचं पत्र आलं तेव्हा वरचं पहिलं उत्तर लिहून झालं होतं. मुलीला ‘नाही’ म्हणायला लावा, बाप उघडा पडेल, वगैरे. मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. मग तुमचं वाचलं आणि दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण तुमचे बाबा माझ्या त्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतात. तुम्ही घराण्याच्या तोंडावर नाही म्हणालात आणि ते तुमच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिथे काही कसब नाही, डाव नाही, मला तरी दिसत नाही. म्हणजे मुलीकडे बघून बापाचा हिशोब लागतोच असं नाही. पहिलं उत्तर मी खोडलं नाही, त्या मुलीच्या नाटकाला ते उपयोगाचं आहे, पण तुमच्यापुढे ते तोकडं पडतंय हे मान्य.

कथेचे चारही खर्डे तुम्ही सोबत पाठवलेत म्हणून बोलते. चारही खर्ड्यांत तुम्ही बाबांकडेच बघताय. पहिल्यात आरतीचं ताट घेऊन, तिसऱ्यात वकिलाचा कोट घालून, पण बघताय त्यांच्याकडेच. असं बघत राहिलं की दोनच उत्तरं येतात, देव किंवा राक्षस, कारण तुम्ही त्यांना एकच प्रश्न विचारताय, की तुम्ही नक्की कोण होतात. ते सांगणार नाहीत. जिवंत असते तरी सांगितलं नसतं, हसून म्हणाले असते, ‘चहा टाक गं आधी.’

आता मला काय दिसलं ते सांगू का? चुलत बहीण. सबंध पत्रात तिला एक वाक्य आहे, ‘बारावीनंतर नोकरीला लागली’. चार खर्ड्यांत मिळून तिच्या वाट्याला सात-आठ ओळी येतात, आणि त्यातली एक मी पेनने खूण करून ठेवलीये. दुसऱ्या खर्ड्यात, पान तीनवर, तुम्ही सहज लिहून गेला आहात की बाबा दिवाळीला दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवून आणायचे, म्हणजे कुणाला कमीजास्त वाटायला नको. बाकीच्या खर्ड्यांमधून ते तुम्ही काढून टाकलंय. का काढलंत? मला वाटतं त्याने देवही बनत नव्हता आणि राक्षसही बनत नव्हता, म्हणून काढलंत.

कथा तिथून सुरू करा. दोन मुली, एक कापड. शिंप्याकडे माप द्यायला दोघी गेल्या होत्या का? कापडाचा रंग कुणी निवडला, तुम्ही की तिने? सही त्या दिवाळीच्या आधी झाली होती की नंतर? कागदावर तारीख असेल, बघा. आधी झाली असेल तर तो फ्रॉक एक गोष्ट सांगतो आणि नंतर झाली असेल तर दुसरीच, आणि दोन्हींत बाबा दुकानातून पिशवी घेऊन येताना खूश होते हे तसंच राहतं. ते खूश असतील हो. तुमच्यासाठी तर होतेच, पण मला वाटतं तिच्यासाठीही, त्या क्षणापुरते का होईना. लिहिताना तेवढं त्यांना ठेवू द्या.

आणि काका ‘कधी विषय काढला नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय, जणू त्यांना कळलंच नव्हतं. बारावी झालेल्या मुलीला कॉलेज सोडून नोकरीला पाठवताना बापाला कळत नाही असं होतं का? कदाचित दोन बाप होते त्या वाड्यात, आणि एकाला भाऊ गमवायचा नव्हता. हे मी बाहेरून बोलतेय, चुकतही असेन.

दिवाळी अंकाची मुदत डोक्यातून काढा, कथा पुढच्या वर्षी आली तरी चालेल. आधी धायरीला जाऊन या, निदान फोन करा तिला. आणि पहिल्या फोनवर कथेचं काही बोलू नका. फ्रॉकचा रंग तुम्ही एका खर्ड्यात मोरपिशी लिहिलाय आणि एकात डाळिंबी, तेवढंच विचारा.